मूळ जमिनीची रेषा

"माती संपतच नाही हो तुमची!" ठेकेदार पंडितशेठ फोनवर ओरडून बोलत होता. सोनगीरहून बोलायचं म्हटलं की तो ओरडूनच बोलायचा. "नकाशात पाच फूट खोदाई दाखवलीये. इथं मागच्या अंगाला चौदा फूट गेलो, तेव्हा कुठं तळ मिळाला. साहेबांना सांगा, दुपारपर्यंत मागची बाजू साफ होते. उद्या काँक्रीट."

"चौदा?" हिलाल बोरसेने विचारलं.

"चौदा. एकदम उभं कापलंय, भिंतीसारखं. एकदा बघायला तरी या."

"पंडितशेठ, वरच्या बाजूला इंदिराबाईंचं घर आहे. ते काठापासून किती लांब राहिलं?"

"असेल की पाच-सहा फूट. आपण आपल्या हद्दीतच आहोत, काळजी नको."

"मशीन थांबवा. खड्ड्यातली माणसं बाहेर काढा. मी निघतोच आहे."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. "हिलालभाऊ, साहेबांचा फोन येऊ द्या, लगेच थांबवतो." आणि फोन बंद झाला.

आर्किटेक्ट चौधरीसाहेब पहाटेच नाशिकला गेले होते. कुठल्या ऑफिसात बसले असतील, कुणाला ठाऊक. हिलालने रिसीव्हर जागेवर ठेवला. घड्याळात साडेदहा वाजत होते. बाहेर पाऊस नव्हता, पण गेले दोन दिवस झड लागून राहिली होती आणि चौथ्या गल्लीतल्या पत्र्यांवरून अजून पाणी ठिबकत होतं.

त्याने टेबलाचा खालचा खण ओढला. जाड पुठ्ठ्याची वही काढली. जमिनीचा उंचसखलपणा मोजून आकडे लिहायची ती वही. सोनगीरचं पान त्याला शोधावं लागलं नाही. रस्त्याकडच्या मोरीची पातळी शंभर मीटर धरलेली. जागेचा पुढचा कोपरा शंभरच्या जवळपास. मागचा कोपरा एकशे दोन पूर्णांक पंच्याऐंशी. म्हणजे पुढून मागे जाईस्तोवर जमीन सव्वानऊ फूट चढत होती. हे आकडे एप्रिलच्या उन्हात त्यानेच घेतले होते, त्याच्याच अक्षरात होते, आणि चार महिने त्याच्याच खणात पडून होते.

काचेचं दार उघडून हर्षा फिरके बाहेर आली. कॉम्प्युटरच्या गार खोलीत बसून बसून तिला सवय झाली होती, अंगावर ओढणी घट्ट गुंडाळूनच ती बाहेर यायची.

"कुणाचा फोन होता? सोनगीरचा?"

"हो. जाऊन येतो."

"माझ्या छेदात काही चुकलंय का?"

हिलालने वही पिशवीत टाकली. तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही. "आल्यावर सांगतो," म्हणाला आणि जिना उतरला.

दोंडाईच्याची गाडी सोनगीरवरून जाते. ती सुटतच होती. हिलालला मागची जागा मिळाली. नगावबारी मागे पडली, महामार्गावर ट्रकांची रांग लागली, आणि गाडी रांगेमागे सरपटू लागली. ड्रायव्हरला ओरडून सांगावं असं वाटत होतं. पण सांगणार काय? माझ्या खणातल्या वहीमुळे तिकडे माणसं दबतील, गाडी हाण?

बावीस वर्षं तो चौधरीसाहेबांकडे नकाशे काढत होता. आयटीआय करून लागला तेव्हा डोक्यावर भरपूर केस होते. आता चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. घरं, गोदामं, शाळा, जिनिंगच्या शेड, सगळं त्याच्या हातून कागदावर उतरलेलं. त्यातही त्याचा हात बसला होता तो छेदावर. इमारत पपईसारखी उभी कापली तर आत काय दिसेल, ते दाखवणारं चित्र म्हणजे छेद. पायापासून गच्चीपर्यंत सगळं त्यात उघडं पडतं. आणि सगळ्यात खाली दोन रेषा असतात. एक अखंड, ती काम झाल्यावर जमीन कशी असेल त्याची. दुसरी तुटक, ती आज जमीन जशी आहे तशी. ही दुसरी रेषा हिलाल पट्टी न लावता, मोकळ्या हाताने काढायचा. वहीतला आकडा अन् आकडा त्या रेषेत उतरायचा. ठेकेदार ती बघून सांगायचे की कुठे भराव लागेल, कुठे कापावं लागेल, कुठे आधी माती अडवणारी धरणभिंत बांधल्याशिवाय फावडं लावायचं नाही.

गेल्या दिवाळीला ऑफिसात कॉम्प्युटर आला. जळगावला त्याचा कोर्स केलेली हर्षाही आली. नवं सॉफ्टवेअर असं होतं की पडद्यावर इमारत अख्खी उभी करायची, मग ती कुठूनही कापली तरी छेद आपोआप तयार. सोनगीरच्या प्रसूतिगृहाचं काम आलं तेव्हा साहेबांनी ट्रस्टच्या मंडळींना बोलावून ते दाखवलं. पुढे वाकून सगळे बघत होते. साहेब म्हणाले, "पूर्वी एक छेद काढायला आमचे हिलालभाऊ चार दिवस घ्यायचे. आता बटण दाबलं की झालं." मंडळी हसली. कपबश्या गोळा करायला आलेला हिलालही हसला. त्या दिवशी शिपाई रजेवर होता.

त्यानंतर आठवड्याभराने हर्षा त्याच्या टेबलाशी आली होती. "हिलालभाऊ, सोनगीरच्या जागेला उतार आहे का हो? मोजणी तुम्ही केलीत ना?"

वही तेव्हा हाताच्या अंतरावर होती. हिलाल मान वर न करता म्हणाला होता, "तुमच्या कॉम्प्युटरला विचारा."

ती क्षणभर उभी राहिली. मग आत गेली. थोड्या वेळाने तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "साहेब, जमीन कशी दाखवू?... बरं... सध्या सपाट लावते."

छेदाचा कागद छापून बाहेर आला तेव्हा त्याने बघितला होता. पायऱ्या, छज्जे, पाण्याची टाकी, सगळं सुबक. आणि खाली जमीन पाटासारखी सपाट, एकच रेषा. ते बघून त्याला बरं वाटलं होतं. खोटं कशाला, चांगलं बरं वाटलं होतं. कागद साइटवर गेला की पंडितशेठ बोंबलत येईल, साहेबांची मान खाली जाईल, आणि मग सगळे आपल्या टेबलाशी येतील, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पंडितशेठ बोंबलला नाही. तो खोदत राहिला.

सोनगीर फाट्यावर हिलालने गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारली.

गडाच्या पायथ्याशी चढावर ती जागा होती. लांबूनच मशीनची घरघर ऐकू आली. जवळ गेला तर पंडितशेठने फोनवर सांगितलं ते खरंच होतं. भिंतीसारखं उभं कापलं होतं. वर हातभर काळी माती, खाली पिवळा मुरूम, आणि मुरमातून पाण्याचे ओघळ निघत होते. मशीन पुढच्या अंगाला गाळ उपसत होतं. त्या कापलेल्या कड्याच्या अगदी तळाशी सात-आठ माणसं होती. दोघे कुदळीने कोपरे सरळ करत होते, बाया पाट्या भरत होत्या. वर, काठाला लागूनच, धाब्याच्या मातीच्या घराची मागची भिंत.

हिलाल खड्ड्याकडे न जाता आधी वर गेला. इंदिराबाई दारातच धान्य पाखडत बसली होती. एप्रिलमध्ये मोजणीच्या दिवशी तिने त्याला दोनदा पाणी दिलं होतं. चेहरा ओळखून तिने सूप खाली ठेवलं.

"या आप्पा. परत मोजाले उनात का?"

ऑफिसातली भाषा हिलालच्या तोंडातून आपोआप गळून पडली. "अक्का, घरमा कोण कोण शे?"

"मी नि सासू. पोरगा-सून वावरमा गयात. कसाले?"

तो घराला वळसा घालून मागे गेला. भिंत आणि खड्ड्याचा काठ यांच्यामध्ये जेमतेम दोन पावलं जमीन उरली होती. त्या पट्टीत, भिंतीला समांतर, एक भेग होती. दोन बोटं जातील एवढी. दहा-बारा हात लांब. इंदिराबाई मागोमाग आली होती.

"ही कधीनी शे?"

"काल दुपारनी. रातले भीतमाईन खडे पडनात. माले वाटनं उंदीर शेतस."

"काडीपेटी आना."

तिने चुलीवरची काडीपेटी आणली. हिलालने एक काडी भेगेवर आडवी ठेवली. दोन्ही टोकं काठांवर नुसती टेकत होती. तो उकिडवा बसला. खाली मशीन घरघरत होतं, कुदळीचा आवाज येत होता, कुणी बाई काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. काडी तशीच होती. त्याला वाटलं, आपण उगाच घाबरलो. मुरूम आहे, मुरूम उभा राहतो. इतक्यात काडीचं एक टोक घसरलं आणि ती आत पडली. पडली ती दिसलीसुद्धा नाही. फक्त नव्हती.

"अक्का, सासूले बाहेर काढा. आत्तेच्या आत्ते."

"ती उठत नही आप्पा. बाजवर शे दोन साल झायात."

"बाजसुद्धा काढू. मी माणसं धाडस."

तो घसरत, हातांनी मातीला धरत खड्ड्यात उतरला. खाली उतरल्यावर ती कापलेली बाजू किती उंच आहे ते कळलं. मान मागे टाकली तरच इंदिराबाईची भिंत दिसत होती. मुकादम लोटन पुढे आला.

"हिलालभाऊ, तुमी आठे?"

"लोटन, बठ्ठा माणसं बाहेर काढ. वर जमीन फाटनी शे."

लोटनने वर पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "शेठनी सांगेल शे, दुपारलोंग साफ करानं. तो येई, मंग सांगा ना त्याले. काम बंद दिसनं तर मना गळा धरी."

"शेठ येईलोंग थांबता येणार नही."

"कागद शे का साहेबना? कागद दाखाडा, मी लगेच निंघस."

हिलालकडे साहेबांचा कागद नव्हता. बावीस वर्षांत त्याने कुठल्याही कागदावर हुकूम म्हणून सही केली नव्हती. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'काढणार' म्हणून त्याचं नाव असे, सही साहेबांची. त्याने विचारलं, "साइटची वही कोठे शे?"

पत्र्याच्या शेडमधून वही आली. साहेब भेटीला आले की तीत सूचना लिहीत. हिलालने गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं: 'मागील बाजूची जमीन खचत आहे. काम ताबडतोब बंद करावे. सर्व माणसे बाहेर काढावीत. जबाबदारी माझी.' खाली तारीख घातली, अकरा वाजून पन्नास मिनिटे ही वेळ घातली आणि आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर छापल्यासारखं आलं. अक्षराला बावीस वर्षांची सवय होती.

"या कागदवर माणसं काढ. उद्या काही झायं तर मना गळा धरा म्हणा."

लोटनला वाचता येत नव्हतं. पण सही करणाऱ्या माणसाचा चेहरा त्याला वाचता आला. त्याने तोंडात दोन बोटं घालून शिटी मारली. मशीन बंद झालं. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत सगळ्यांनाच ऐकू आलं. कड्यातून मुरमाचे खडे सुटून टपटप खाली पडत होते. पाटीवाल्यांतली कमलबाई सगळ्यात आधी उभी राहिली. "चाला व बायासहोन," म्हणाली आणि पाटी तिथेच टाकून चढणीला लागली. मग कुणाला सांगावं लागलं नाही.

लोटन, मशीनचा ड्रायव्हर आणि दोघे कुदळवाले हिलालबरोबर वर गेले. मागच्या खोलीत अंधार होता. बाजेवर ताईबाई, इंदिराबाईची सासू, गोधडीत गुंडाळलेली. ऐंशीच्या पुढची, हलकी, आणि कानाने बहिरी. पाच अनोळखी पुरुष घरात घुसलेले बघून ती किंचाळायला लागली. इंदिराबाई तिच्या कानाशी ओरडत होती, "माय, चाला, भीत पडी राहिनी!" म्हातारी बाजेची कड सोडेना. बाज दारातून आडवी निघेना. घर बांधलं तेव्हा ती आतच विणली असणार. लोटनने ती कलती केली, म्हातारी घसरू लागली, तशी हिलालने तिला गोधडीसकट उचलली. तिचं वजन काहीच नव्हतं. तिने त्याच्या गळ्याला नखं रुतवली. तसाच तिला घेऊन तो पुढच्या खोलीतून, ओट्यावरून, रस्त्यापलीकडच्या निंबाखाली गेला आणि तिला खाली ठेवून तिथेच बसला.

"हांडा!" इंदिराबाई म्हणाली. "मना पितळना हांडा मांगे राही गया." आणि ती वळली.

हिलालने तिचं मनगट धरलं. परक्या बाईचं मनगट असं धरणं त्या गावात कुणी सहन केलं नसतं. तिने हिसका दिला. त्याने सोडलं नाही.

"सोडा आप्पा, माले एक घडी लागी!"

"नही."

"तो मना मायना शे!"

"नही अक्का."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि तेव्हाच तो आवाज झाला. फार मोठा नव्हता. धान्याचं भरलेलं पोतं गाडीवरून खाली टाकावं, तसा. घराचा पुढचा भाग जागच्या जागी उभा होता, ओटा होता, सूप होतं, सुपात पाखडलेली ज्वारी होती. पण उघड्या दारातून मघाशी अंधार दिसत होता तिथे आता आभाळ दिसत होतं. मग धूळ आली.

थोड्या वेळाने सगळे काठाशी गेले. मागची खोली, भिंत, धाब्याचे लाकडी सरे, सगळं चौदा फूट खाली गेलं होतं. माणसं जिथे कोपरे सरळ करत होती तिथे पुरुषभर ढिगारा होता आणि त्यातून एका कुदळीचा दांडा वर आला होता. कमलबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती मोजू लागली. आपली माणसं. एकदा मोजून झाल्यावर तिने परत पहिल्यापासून मोजली.

पंडितशेठ मोटरसायकलवरून आला तो दुरूनच ओरडत आला. "काम कुणाला विचारून..." एवढंच बोलला. मग काठापर्यंत चालत गेला, बराच वेळ खाली बघत राहिला आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"हिलालभाऊ, नकाशात सपाट होतं हो. देवाशप्पथ. आणू का नकाशा?"

"नको," हिलाल म्हणाला. "मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी चौधरीसाहेब दहाच्या आत ऑफिसात हजर होते. सोनगीरला पहाटेच जाऊन आले होते. बुटांना मुरूम लागलेला होता. हर्षा त्यांच्या टेबलासमोर उभी होती. हिलाल जिना चढून आला तेव्हा साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मशीनला काय कळतं? घालणाऱ्याला कळायला नको? जमीन सपाट कुठे असते, सोनगीरला? गडाखाली? सात-आठ माणसं मेली असती तर मी कुणाला तोंड दाखवणार होतो? तुझ्या वडिलांना बोलावून घे जळगावहून."

हर्षा जमिनीकडे बघत होती. 'सध्या सपाट लाव' असं सांगणारं फोनवरचं बोलणं तिने विसरलेलं नव्हतं, हे तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. साहेबही विसरले नसावेत, म्हणूनच आवाज इतका चढला होता.

हिलाल आत गेला. पिशवीतून वही काढून त्याने टेबलावर ठेवली, सोनगीरचं पान उघडून.

"हे एप्रिलमध्येच मोजलं होतं, साहेब. हिने मला विचारलं होतं, जागेला उतार आहे का. मी सांगितलं नाही."

साहेबांनी वहीकडे पाहिलं. "म्हणजे? विसरलात?"

"विसरलो नाही. छापलेला छेदही मी बघितला होता. जमीन सपाट आहे हे मला दिसलं होतं. मी गप्प बसलो."

"का?"

यावर काय सांगायचं ते हिलाल रात्रभर जुळवत होता. पण बटणाचं, हसण्याचं, कपबश्यांचं सांगायला लागलं तर ते इतकं लहान वाटलं असतं की त्यापेक्षा नुसतं उभं राहिलेलं बरं.

"माझी चूक," तो म्हणाला. "हिची नाही."

हर्षाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजरेत आभार नव्हते. "मी तुमच्या टेबलाशी आले होते," ती हळू म्हणाली. "तुम्ही नुसतं 'हो' म्हणाला असतात तरी..." पुढचं तिने गिळलं आणि आत निघून गेली.

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. "काल तुम्ही गेला नसतात तर," म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, "इंदिराबाईंची खोली ट्रस्ट बांधून देईल, धरणभिंतही आधी होईल. ते मी बघतो. पण हिलालभाऊ, सगळं पाहूनही गप्प बसलेल्या माणसाच्या मोजणीवर मी परत सही कशी करू?"

"खरं आहे."

"हा महिना पुरा करा. सोनगीरचा छेद नीट करून द्या आणि मग..."

"हो, साहेब."

चपला बाहेर काढून हिलाल काचेच्या खोलीत गेला. नऊ महिन्यांत तो पहिल्यांदाच तिथे बसत होता. हर्षाने खुर्ची थोडी सरकवली. तो वहीतला एकेक आकडा वाचत गेला, ती टाइप करत गेली. "पुढचा," एवढंच म्हणायची. दुपारपर्यंत एकशे चौदा आकडे झाले. मग तिने काहीतरी दाबलं आणि पडद्यावर रेषांची जाळी उठली. पुढून मागे चढत गेलेली, मध्ये जरा खोलगट, डाव्या अंगाला पाण्याच्या वाटेची घळ. एप्रिलच्या उन्हात तो जिच्यावरून चालला होता तीच जमीन. तिने इमारत त्या जमिनीवर आणून बसवली, मग उभी कापली. छेदाखाली तुटक रेषा आली. तिने दुसरीकडून कापली. रेषा तिथली आली. तिसरीकडून कापली, तीही बरोबर. हिलाल एका नकाशात एक छेद काढायचा, फार तर दोन. आणि मधली जमीन तशीच राहायची, आपल्या डोक्यात.

"बरोबर आहे?" तिने विचारलं. सकाळपासूनचा हा तिचा पहिलाच प्रश्न.

"माझ्यापेक्षा बरोबर आहे," हिलाल म्हणाला.

हर्षा पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पण ही जमीन आता इथे नाही ना. काल पडली ती."

ते हिलालच्या लक्षात आलंच नव्हतं. नकाशात आहे ती जमीन दाखवायची असते, होती ती नव्हे.

"परत मोजावं लागेल," तो म्हणाला.

"मी येते बरोबर. मला जागा बघायचीये."

सोनगीरला ऊन पडलं होतं. मोरीवरून सुरुवात करून त्यांनी पुढची बाजू संपवली. हर्षा चार मीटरचा आकडे रंगवलेला लाकडी स्टाफ घेऊन ठिकठिकाणी उभी राहायची. हिलाल तिकाटण्यावर बसवलेल्या पितळी दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि लिहायचा. सुरुवातीला ती स्टाफ कलता धरायची. दोन-तीनदा सांगितल्यावर तिचं तिलाच कळू लागलं. चढताना तिला धाप लागली. मध्येच थांबून तिने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "केवढं चढलो आपण."

मागच्या अंगाला आल्यावर त्याने तिला ढासळलेल्या काठापासून सुरक्षित अंतरावर उभं केलं. "तिथेच. पुढे नको." स्वतः परत दुर्बिणीशी आला आणि डोळा लावला.

त्या जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. आकडे उलटे, माणसं उलटी, झाडं शेंड्यावर उभी. शिकाऊ माणसाला घेरी यायची. हिलालला बावीस वर्षांत त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट्यावरूनच तो सरळ वाचायचा. काचेत स्टाफ आला, हर्षाची बोटं आली. तिच्या मागे, ढिगाऱ्याच्या वरच्या टोकाला, इंदिराबाई आली. ती मातीतून सरे उपसून काढत होती आणि लांबीप्रमाणे वेगवेगळे रचत होती. लांब एकीकडे, आखूड दुसरीकडे. उलट्या चित्रात ती डोक्यावर आभाळ नाही तर माती घेऊन बसली होती. मध्येच ती थांबली, कुणीतरी बघतंय असं वाटून तिने इकडे पाहिलं. ओळखलं असावं. हात वर केला, की कपाळावरचा घाम पुसला, ते काही कळलं नाही.

"हिलालभाऊ, आकडा?" हर्षाने हाक मारली.

त्याने डोळा काढला, धोतराच्या सोग्याने काच पुसली, पुन्हा डोळा लावला आणि आकडा वाचला. मग वहीत तो जुन्या आकड्याच्या खाली लिहिला. जुना खोडला नाही.